वायरमनकाकांनी सोडलेलं कडं

वायरमनकाका वीज कंपनीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांना दुसरं काही नाव असेल अशी शंकासुद्धा कुणाला येत नसे. फ्यूज उडाला, वायरमनकाका. बेल अडकली, वायरमनकाका. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या सासू-सुनेचं जोरात वाजलं तेव्हाही कुणीतरी सवयीने त्यांनाच हाक मारली, आणि ते बिचारे टेस्टर घेऊन वर गेले. माणूस सरळ, बोलायला कमी, आणि कुठलीही वस्तू टाकून द्यायची म्हटलं की जीव तुटणारा. घरात वायरींची भेंडोळी, जुने होल्डर, एकेका बाजूने जळालेले स्विच असं काय काय साठलेलं असायचं. बायकोने त्यावरून आयुष्यभर बोलून घेतलं, पण टाकलं तिनेही कधी काही नाही.

काकू शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या दुकानात कामाला होत्या. ईस्टरला दारावर लावायचं कडं, म्हणजे ते गोल तोरण, बाजारात ताज्या फुलांचं मिळायचं. किंमत ऐकूनच माणूस दोन पावलं मागे सरायचा, आणि सोमवारी फुलं माना टाकायची ती वेगळीच. लग्नानंतरच्या पहिल्याच ईस्टरला काकूंनी नवऱ्याच्या भेंडोळ्यातली जाड तार मागून घेतली, तिचा परातीएवढा गोल करायला लावला, दुकानातून चिंध्या आणल्या, त्यांच्या वीतभर लांब नि दोन बोटं रुंद अशा पट्ट्या कापल्या आणि एकेक पट्टी तारेवर गाठवत गेल्या. गाठ मागे, टोकं पुढे. पट्टीला पट्टी खेटवून सगळा गोल भरला की पुढून नुसत्या पाकळ्या दिसायच्या, गाठ कुठे दिसायची नाही. मग त्यात कांद्याच्या सालींच्या पाण्यात रंगवलेली अंड्यांची तीन-चार टरफलं. सुईने दोन्ही टोकांना भोकं पाडून आतलं फुंकून काढायचं, म्हणजे टरफल अख्खं राहतं. आतलं वाया कसं जाऊ द्यायचं? त्यामुळे ईस्टरच्या आधीचा आठवडाभर त्या घरात तिन्ही त्रिकाळ ऑम्लेट.

शेजारणीने बघितलं, तिला हवं झालं. मग समोरचीला. काही वर्षांत इमारतीच्या चोवीसही दारांवर काकूंचं कडं लागायला लागलं. रंगाचं मात्र कुणाच्या हातात नव्हतं. ज्या शाळेचे कपडे त्या वर्षी जास्त शिवले गेले, त्या शाळेचा रंग. एका वर्षी सगळी इमारत बाटलीहिरवी आणि राखाडी. खालच्या मजल्यावरच्या आजोबा म्हणवणाऱ्या वात्रट म्हाताऱ्याने विचारलं, "काय हो, प्रभू यंदा शाळेत नाव घालायला उठणार का?" काकूंनी त्याचं कडं काढून नेलं आणि त्याने दोनदा माफी मागितल्यावरच परत लावलं.

असं तीस-बत्तीस वर्षं चाललं. मग काकू विसरायला लागल्या.

आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणींची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि त्यावर औषध नाही हेही सांगितलं. दुकान बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण काकू सकाळी गळ्यात टेप अडकवून कामावर निघायच्या. एकदा तर दोन चौक ओलांडून बसस्टॉपवर सापडल्या. हातात कात्री, आणि बस का येत नाही म्हणून लोकांना रागवत होत्या. त्या दिवशी काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दाराला वरती, आतून काकूंचा हात पोचणार नाही आणि बाहेर जाताना बाहेरूनही लावता येईल अशी दुसरी कडी बसवली. स्वतःच्या बायकोला कोंडून ठेवायची कडी स्वतःच्या हाताने बसवताना त्यांना रडू आलं, आणि स्क्रू तिरका गेला.

सगळ्यात जास्त लागलं ते मात्र वेगळंच. काकूंना नवरा आठवत होता, पण तो हाच, हे कळत नव्हतं. घरात हा जो पांढऱ्या केसांचा माणूस सारखा काही ना काही दुरुस्त करत असतो, तो वायरमन आहे, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्या त्याला चहा द्यायच्या, आदराने बोलायच्या, आणि संध्याकाळ झाली की हळूच म्हणायच्या, "झालं का तुमचं काम? मग निघा आता. आमचे हे येतील इतक्यात." काका चपला घालून जिना उतरायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे आणि बाहेरची कडी काढून बेल वाजवायचे. कधी दार उघडताच त्यांचाच चेहरा काकूंना नवऱ्याचा वाटायचा. बऱ्याचदा नाही.

एक दिवस तारेचा एक जुना गोल हाती लागला, तो काकांनी काकूंच्या मांडीवर ठेवला, शेजारी चिंध्यांचा डबा ठेवला. आणि काय सांगायचं, दोन तास काकू जागच्या हलल्या नाहीत! हातांना सगळं येत होतं. डोकं सोडून गेलं होतं, हात सोडून गेले नव्हते. त्यांच्या कपाळावरची आठी गेली, त्या गुणगुणायला लागल्या. काकांना वाटलं, सुटलो.

रोज नवा गोल, रोज नवं कडं; चार दिवसांत चिंध्या संपल्या. मग काकांचे दोन शर्ट गेले, एक चादर गेली, पडदा गेला. सहाव्या दिवशी काकू रिकामा गोल हातात धरून बसल्या आणि मग उठून दार वाजवायला लागल्या, "उघडा, मला उशीर होतोय." त्या दुपारी, काकू खुर्चीतच झोपल्यावर, काकांनी सकाळचं कडं घेतलं, टेस्टरचं चपटं टोक गाठीत घातलं आणि एकेक गाठ सोडवली. पट्ट्या हाताने दाबून सरळ केल्या, परत डब्यात ठेवल्या. आपण चोरी करतोय असं त्यांना वाटत होतं. काकू उठल्या, त्यांनी डबा बघितला, गोल बघितला, आणि कडं कुठे गेलं हे विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरुवात.

दीड वर्षं हे असंच चाललं. काकू सकाळी बांधायच्या, काका दुपारी सोडायचे. कुणाला म्हणून सांगितलं नाही. काय सांगणार? बायकोने दिवसभर केलेलं मी रोज मोडतो, हे काय सांगण्यासारखं आहे? हळूहळू ते इतकं अंगवळणी पडलं की सोडवताना त्यांना बघावंही लागत नसे. आणि बघण्यासारखं उरलंही नव्हतं. पाकळ्या विरळ झाल्या. गाठी कशाही, पुढेच यायला लागल्या. मग अर्धा गोल भरला की काकू थकायच्या. गेल्या हिवाळ्यापासून तर वीस-बावीस पट्ट्यांच्या पुढे गाडी जात नव्हती. बाकीची तार उघडी.

त्याच हिवाळ्यात काका स्वतः जिन्यात चक्कर येऊन पडले. लेक परगावी शाळेत शिकवायची, ती धावत आली. वाईट मुलगी नव्हती हो ती. आठ दिवस राहिली, आईचं सगळं केलं, बापाच्या छातीचे फोटो घेऊन डॉक्टरांकडे खेटे घातले, आणि जाताना अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत आईचं नाव नोंदवून गेली. ईस्टरच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"बाबा, सोमवारी तिथे एक जागा रिकामी होतेय."

"मला काही झालेलं नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला चक्कर आली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती, बाबा. तुम्ही जिन्यातच राहिला असता, तर आई आत किती दिवस..." तिला पुढे बोलवेना. मग म्हणाली, "हे बघा, मी शनिवारी येते. मला घाई करायची नाहीये. आई एक तरी काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करत असेल ना, कुठलंही, तर मी विषय काढणार नाही. ती जागा सोडून देईन. तुमची शपथ."

"करते की! कडं करते अख्खं," काका बोलून गेले.

"अख्खं? अजून?"

"अगं रोज करते."

फोन ठेवला आणि ते डबा घेऊन काकूंकडे गेले. चार दिवस त्यांनी काकूंच्या शेजारी बसून नाना खटपटी केल्या. पट्टी हातात दे, "अजून एक, अजून एक" म्हण. काकू चिडल्या. "तुम्ही तुमच्या विजेचं बघा," म्हणाल्या. शुक्रवारी जेमतेम अठरा पट्ट्या झाल्या.

शनिवारी सकाळी काका भांडी घासत होते. मागून आवाज आला.

"अहो, दूध उतू जातंय."

काकांच्या हातातून पेला सुटला. दूध खरंच उतू जात होतं, पण ते बघतोय कोण! दीड वर्षात या घरात कुणी त्यांना अशी हाक मारली नव्हती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, केस विंचरलेले, कपाळावर आठी.

"असे बघताय काय? गॅस बंद करा आधी. आणि आज लेक यायचीय ना? घरात काही आणलंय की नाही?"

"एकच्या गाडीने," काका म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला. "आणतो आता. पाव, अंडी..."

"दारावरचं कडं कुठंय? ईस्टर उद्यावर आला आणि दार भुंडं. लोक काय म्हणतील?" त्या खुर्चीत बसल्या, डबा पुढ्यात ओढला, आणि त्यातल्या पट्ट्या चाळून म्हणाल्या, "एवढ्याच? बाकीच्या कुठे ठेवल्यात तुम्ही?"

बाकीच्या कपाटात होत्या. वीस-बावीसच लागतात म्हणून काका तेवढ्याच डब्यात ठेवायचे. त्यांनी सगळं गाठोडं आणून ओतलं. काकूंनी पहिली पट्टी तारेवर घातली. काकांना तिथून हलू नये असं वाटत होतं, पण काकूंनीच पिटाळलं, "जा ना, दुकान गर्दीने भरेल." त्या तशा बोलल्या म्हणून ते गेले. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे जिना उतरले. पाव घेतला, अंडी घेतली, लेकीला आवडतात म्हणून संत्री घेतली. दुकानदाराला कारण नसताना सांगितलं, "बायकोने पाठवलंय."

ते परत आले तेव्हा काकू खुर्चीत झोपल्या होत्या, कडं मांडीवर. काकूंच्या चेहऱ्यावरची नजर न काढता काकांनी ते हळूच उचललं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आज तिचं डोकं ठिकाणावर आहे. एक वाजता लेक येईल तेव्हा ही उठलेली असेल. लेकीच्या डोळ्यांदेखत हिने कडं करायला बसलं पाहिजे, तरच ती विश्वास ठेवेल. आणि त्यासाठी पट्ट्या मोकळ्या हव्यात.

ते खिडकीपाशी बसले, टेस्टर घेतला आणि सोडवायला लागले. नजर रस्त्यावर, गाडीवरून येणाऱ्या माणसांवर. लेकीला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. सकाळी आईने हाक मारली, हे आधी सांगायचं. दुधाचं सांगायचं. हात आपले चालले होते. आज वेळ लागतोय, एवढं त्यांच्या लक्षात आलं, पण मान वळवून बघितलं नाही. शेवटची पट्टी डब्यात टाकून त्यांनी झाकण लावलं, तर झाकण बसेना.

मग त्यांनी खाली बघितलं. डबा शिगोशीग भरला होता. मांडीवर पट्ट्या होत्या, जमिनीवर पट्ट्या होत्या. गाठोडं रिकामं होतं. त्यांनी तार हातात घेतली. एवढ्या पट्ट्यांनी सगळा गोल भरतो, कुठेही तार उघडी न राहता. आणि आता त्यांच्या बोटांना मागाहून आठवलं की आज प्रत्येक गाठ मागे होती, घट्ट, एका मापाची, जशी पूर्वी असायची. काकूंनी अख्खं कडं केलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

काकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनाच ओळखू आला नाही. त्यांनी घाईने काकूंकडे बघितलं. त्या झोपलेल्याच होत्या. बाराला दहा कमी होते.

मग त्या माणसाने जे केलं, ते कुणीही केलं असतं. त्याने पट्ट्या उचलल्या आणि स्वतः बांधायला बसला. बत्तीस वर्षं बायकोला बांधताना बघितलेलं, दीड वर्षं रोज सोडवलेलं. वाटलं, जमेल. पण सोडवणं वेगळं आणि बांधणं वेगळं. बोटं आपली वायर जोडल्यासारखे पीळ देत होती. घाम डोळ्यांत जात होता. एक वाजून पंचवीस मिनिटांनी बेल वाजली तेव्हा गोल कसाबसा भरला होता.

लेकीने दारातच ते बघितलं. हातातली बॅग खाली टाकली आणि कडं छातीशी धरलं. "बाबा! खरंच? हे आईने केलं?"

"सकाळी केलं," काका म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

लेकीचे डोळे भरून आले होते, चेहरा फुलला होता. तिने कडं उलटं केलं. लहानपणी दर ईस्टरला रुसूनफुगून का होईना, तिने शेकड्यांनी पट्ट्या बांधल्या होत्या. तिचं बोट एका गाठीवर थांबलं, मग दुसऱ्या. चेहरा हळूहळू उतरत गेला.

"हे तुम्ही केलंय, बाबा."

काका खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. दुपारच्या सोडवण्याचं, दीड वर्षाचं, लपवून ठेवलेलं सगळं. आजच्या हाकेचं, दुधाचं. "तिने केलं होतं गं. पूर्ण केलं होतं. मी सोडलं. तू येशील तेव्हा तुझ्यासमोर करावं म्हणून मीच सोडलं."

लेक त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ रडली. मग तिने बापाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हो, बाबा. केलं असेल तिने." आजारी पोराला आपण ज्या आवाजात हो म्हणतो, त्या आवाजात म्हणाली. काकांना तो आवाज ओळखीचा होता. दीड वर्षं ते त्याच आवाजात काकूंशी बोलत होते.

"ती उठू दे," एवढंच ते म्हणाले. "तिलाच विचार."

दोन वाजता काकू उठल्या. काका समोर जाऊन उभे राहिले, हातात ते वेडंवाकडं कडं. त्यांचा सगळा जीव त्या चेहऱ्याकडे लागला होता. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, लेकीकडे बघून ओळख नसलेल्या पाहुणीला हसतात तसं हसल्या, मग हात पुढे करून कडं मागितलं. उलटंसुलटं करून बघितलं.

"छान जमलंय हो," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्या माणसाला असं काही येईल असं वाटलं नव्हतं. कुणी शिकवलं?"

काकांनी लेकीकडे बघितलं नाही.

"बायकोने," ते म्हणाले.

"हो का? मग तिला सांगा, थोडं नीट शिकव म्हणावं." आणि काकू हसल्या, अगदी पूर्वीसारख्या, नवऱ्याची टर उडवताना हसायच्या तशा.

रविवारी ते कडं दारावर लागलं. चोवीस दारांत यंदा तेवढं एकच. खालचा म्हातारा काठी टेकत वर आला, कडं बघून काकांच्या पाठीवर हात ठेवून गेला.

सोमवारी संस्थेत खोली स्वच्छ होती, खिडकीला ऊन होतं. तिथली देखभाल करणारी ताई तरुण आणि बोलायला चांगली होती. तिच्यावर आठ जणींना सांभाळायचं काम होतं. लेक ऑफिसात कागदांवर सह्या करत होती, तेवढ्यात काकांनी पिशवीतून तारेचा गोल नि डबा काढून ताईला सगळं समजावलं. सकाळी मांडीवर द्यायचं. मध्ये बोलायचं नाही. दुपारी त्या झोपल्या की गाठी सोडून पट्ट्या परत डब्यात.

"बरं काका, करू," ताई म्हणाली आणि डबा कपाटावर ठेवायला निघाली.

काकांनी तिचा हात धरला. "सोडायच्या आधी एकदा बघायचं. रोज बघायचं, ताई. गोल पूर्ण भरला असेल आणि गाठी मागे असतील, तर हात लावू नका. तसंच ठेवा आणि मला फोन करा."

"करते ना, काका."

तिने डबा कपाटावर ठेवला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ती बाहेर गेली. काकांनी खुर्ची ओढली, डबा खाली काढला आणि काकूंच्या हाताशी ठेवला. काकूंनी झाकण उघडून बघितलं, मग दाराकडे बघितलं.

"झालं असेल तर निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमचे हे येतील इतक्यात."